ब्लूटूथ ट्रॅकर सैनिकी टपालात शिरतो तेव्हा : एक परीक्षण

ब्लूटूथ ट्रॅकरची परीक्षणे बहुतेक वेळा किल्ल्या, पैशाचे पाकीट आणि विमानप्रवासात हरवलेली बॅग एवढ्यावरच आटोपतात. टॅग फोनला किती लवकर जोडला जातो, त्याचा आवाज किती मोठा आहे, बॅटरी किती टिकते, हे सारे त्यांत असते आणि ते उपयोगाचेही असते. प्रस्तुत परीक्षण मात्र एका वेगळ्याच प्रश्नाला धरून केले आहे. हाच टॅग एखाद्या पाकिटात किंवा पार्सलात घालून सैनिकाच्या पत्त्यावर पाठवला, तर तो वाटेत काय करतो, कोणाला काय कळवतो आणि उत्पादकांनी त्यात बसवलेली सुरक्षा अशा वेळी कितपत कामास येते? त्यासाठी ॲपलचा पहिल्या पिढीचा एअरटॅग, सॅमसंगचा स्मार्टटॅग २, टाइल या कंपनीचे टॅग आणि गूगलच्या नेटवर्कवर चालणारे टॅग असे सर्रास वापरले जाणारे ट्रॅकर विचारात घेतले आहेत. माझे मत आधीच नोंदवतो. सामान शोधण्याचे साधन म्हणून हे टॅग उत्तम आहेत. पण त्यांतील सुरक्षेची सगळी मांडणी पाठलाग होत असलेल्या एका माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे, आणि टपालाच्या थैलीत असा माणूसच नसतो.

आधी वस्तूविषयी. एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या एअरटॅगचा व्यास ३१.९ मिलिमीटर, जाडी ८ मिलिमीटर आणि वजन ११ ग्रॅम आहे. मागचे चकचकीत पोलादी झाकण अंगठ्यांनी दाबून फिरवले की निघते आणि आत सीआर२०३२ जातीची चपटी गोल बॅटरी दिसते. या एका बॅटरीवर टॅग वर्षभराहून अधिक चालतो. सॅमसंग आपल्या स्मार्टटॅग २ साठी ५०० दिवसांचा आणि बचतीच्या पद्धतीत ७०० दिवसांचा दावा करते, आणि मोकळ्या जागेत त्याचा पल्ला १२० मीटरपर्यंत असल्याचे सांगते. दोन्ही टॅग धूळ आणि पाणी सहन करतात. याखेरीज बँकेच्या कार्डासारखे चपटे ट्रॅकरही मिळतात, जे जाड शुभेच्छापत्राच्या दोन थरांमध्ये सहज मावतात. टपालाच्या दृष्टीने हे आकडे महत्त्वाचे आहेत, कारण पार्सल दूरच्या तळावर पोहोचायला कित्येक आठवडे लागले तरी टॅगची बॅटरी संपण्याचा प्रश्न येत नाही. सिमकार्ड असलेल्या जीपीएस ट्रॅकरला उपग्रहांचा संकेत लागतो, मोबाइलचे जाळे लागते आणि मोठी बॅटरी लागते. थैलीच्या तळाशी दबलेला असा ट्रॅकर लवकरच निकामी होतो. ब्लूटूथ टॅगला यांपैकी काहीच लागत नाही.

काहीच लागत नाही, कारण आपण कुठे आहोत हे टॅगला स्वतःला माहीतच नसते. मालकापासून दुरावलेला एअरटॅग दर दोन सेकंदांनी एक छोटासा संकेत प्रसारित करतो, आणि त्या संकेतात टॅगची सार्वजनिक किल्ली, म्हणजे माहिती कुलूपबंद करण्यापुरता चालणारा अंकसंच, असते. जवळून जाणारा कोणाचाही आयफोन तो संकेत ऐकतो, आपले स्वतःचे स्थान त्या किल्लीने कूटबद्ध करतो आणि ॲपलच्या सर्व्हरवर ठेवून देतो. ते उलगडण्याची खाजगी किल्ली फक्त टॅगच्या मालकाकडे असते. वाटेतल्या फोनच्या मालकाला यातले काहीही कळत नाही. त्याच्या पडद्यावर काही उमटत नाही की त्याची परवानगी दर वेळी विचारली जात नाही.

सामान्य ग्राहकासाठी ही रचना खरोखर चांगली आहे, कारण कोणाचा टॅग कुठे आहे हे खुद्द ॲपललाही दिसत नाही. पण सैनिकी टपालाच्या बाबतीत हाच गुण अडचणीचा ठरतो. ज्या कंपनीला स्थानच वाचता येत नाही, तिला अमुक छावणी किंवा अमुक गोदी वगळा असे सांगून उपयोग नाही. शिवाय माहिती फोडणारे साधन हे शत्रूने पाठवलेले साधन नसते, तर तळावरच्याच जवानाच्या खिशातला फोन असतो. टॅग फक्त आपली किल्ली ओरडून सांगतो. पत्ता सांगतो तो फोन. हे एकदा ध्यानात घेतले की पुढचे बरेचसे मुद्दे आपोआप स्पष्ट होतात.

सैनिकी टपालाचे पत्ते कसे असतात ते येथे आठवणे आवश्यक आहे. अमेरिकी सैन्याचे एपीओ आणि नौदलाचे एफपीओ, ब्रिटिशांचे बीएफपीओ क्रमांक, भारतीय सैन्याचे ५६ आणि ९९ एपीओ, या सर्व सैनिकी टपाल कार्यालयांमागे कल्पना एकच आहे. पत्र लिहिणाऱ्याला तुकडीचे नाव आणि टपालाचा सांकेतिक क्रमांक माहीत असतो, तुकडीचे ठिकाण नाही. ठिकाण फक्त टपाल यंत्रणेला ठाऊक असते, आणि तुकडी हलली तरी पत्ता तोच राहतो. युद्धकाळात सैनिकांच्या पत्रांतून गावांची आणि जहाजांची नावे खोडून काढली जात, तीही याच गुप्ततेसाठी. ट्रॅकर हा बरोबर याच व्यवस्थेच्या मुळावर येतो. पाठवणाऱ्याला क्रमांक टाकायचा असतो, बाकीचे काम टपालखाते स्वतःच प्रामाणिकपणे करते. पाकीट छाननी केंद्रातून विमानतळावर, तेथून परदेशातील वितरण केंद्रात आणि अखेरीस तुकडीच्या टपालखोलीत जाते, आणि प्रत्येक टप्प्याचा ठिपका वेळेसह नकाशावर उमटत जातो. एका ठिपक्याला फारसा अर्थ नसतो. पण ठिपक्यांची माळ जमली, आणि त्यातही एकाच क्रमांकावर थोड्या थोड्या दिवसांनी अनेक पाकिटे गेली, तर पुरवठ्याचा मार्ग, फेऱ्यांचे वेळापत्रक आणि तुकडी हलल्याचा दिवस या तीनही गोष्टी कोणत्याही घुसखोरीशिवाय कळू शकतात.

ही नुसती कल्पना नाही. जानेवारी २०२२ मध्ये जर्मनीतील कार्यकर्ती लिलिथ विटमन हिने एका संशयास्पद सरकारी कार्यालयाच्या पत्त्यावर एअरटॅग घातलेले पार्सल पाठवले, आणि ते देशांतर्गत गुप्तचर संस्थेच्या कोलोन येथील कार्यालयापर्यंत पोहोचल्याचे जाहीर केले. तिच्याकडे ना यंत्रणा होती ना पैसा; टपालाचे तिकीट आणि एक टॅग एवढ्यावर काम झाले. त्याआधी २०१९ मध्ये आयबीएमच्या सुरक्षा संशोधकांनी पार्सलात लपवलेल्या छोट्या संगणकाने कार्यालयाच्या आतून वायफायवर हल्ला करता येतो असे दाखवले होते. म्हणजे टपालाची खोली ही इमारतीतली सर्वांत कमी पहारा असलेली जागा आहे हे सुरक्षा क्षेत्राला कधीचेच ठाऊक आहे. स्थान फुटल्याने काय होऊ शकते याची जाणीव सैन्यांना २०१८ च्या जानेवारीत झाली, जेव्हा स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपच्या जागतिक नकाशावर दुर्गम भागांतील लष्करी तळांवर जवानांच्या धावण्याच्या वाटा उजळून दिसल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मोहिमेच्या क्षेत्रांत स्थान सांगणाऱ्या उपकरणांवर आणि ॲपवर बंदी घातली. मात्र ती बंदी जवान स्वतः वापरत असलेल्या साधनांना डोळ्यांसमोर ठेवून होती. टपालातून आलेला टॅग जवानाचा नसतो आणि तो आपल्या सामानात आहे हे त्याला माहीतही नसते.

आता सुरक्षेकडे वळतो, कारण या परीक्षणाचा गाभा तोच आहे. एअरटॅगमध्ये दोन प्रकारचे इशारे आहेत. पहिला आवाजाचा. मालकापासून दुरावलेला टॅग ८ ते २४ तासांच्या दरम्यान कधीतरी, हलवला गेल्यावर, आपणहून वाजतो. सुरुवातीला ही मुदत तीन दिवसांची होती, ती जून २०२१ मध्ये कमी करण्यात आली. दुसरा इशारा फोनवरचा : अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरत असल्याचे आयफोनला जाणवले की पडद्यावर सूचना येते. मे २०२४ पासून ॲपल आणि गूगल यांनी समान नियमावली लागू केली, त्यामुळे आयओएस १७.५ आणि अँड्रॉइड ६ पासून पुढच्या फोनवर एकमेकांच्या टॅगांविषयीही सूचना मिळते.

हे इशारे एखाद्या व्यक्तीच्या पर्सच्या कप्प्यात किंवा गाडीच्या डिकीत लपवलेल्या टॅगसाठी योग्य आहेत. टपालात त्यांचे काय होते ते पाहू. वाजणारा आवाज बारीक किणकिणाटासारखा असतो. शांत खोलीत टेबलावर ठेवलेला टॅग दुसऱ्या खोलीतूनही ऐकू येतो. तोच टॅग लोकरी कपड्याच्या घडीत घालून, बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून खोक्यात ठेवला, तर खोक्याला कान लावल्याशिवाय काही समजत नाही. मालवाहू विमानात, ट्रकच्या मागच्या भागात किंवा छाननी यंत्राच्या खडखडाटात तो ऐकणारे कोणी नसतेच. एअरटॅगचा पांढरा कवचाचा भाग स्वतःच स्पीकरच्या पडद्यासारखा थरथरतो, त्यामुळे त्यावर नुसता घट्ट दाब पडला तरी आवाज दबतो. ही काही कारस्थानाची युक्ती नव्हे, नीट बांधलेल्या कोणत्याही पार्सलात असेच होते. शिवाय स्पीकर निकामी केलेले टॅग ऑनलाइन विकले गेल्याचे प्रकारही पूर्वी उघडकीस आले आहेत.

फोनवरच्या सूचनेची अडचण याहून मोठी आहे. ही सूचना मिळण्यासाठी तोच टॅग त्याच फोनबरोबर काही काळ, वेगवेगळ्या ठिकाणी हिंडावा लागतो. माणूस घरी पोहोचल्यावर किंवा दिवसाअखेरीस ती यावी अशी तिची रचना आहे. टपालाची थैली मात्र हाताहातांतून जाते. छाननी करणाऱ्याच्या फोनजवळ ती काही मिनिटे असते, चालकाजवळ काही तास, विमानातल्या कर्मचाऱ्याजवळ आणखी काही तास, आणि यांपैकी कोणाच्याही फोनला हा टॅग माझा पाठलाग करतो आहे असे वाटायला कारण मिळत नाही. समजा, मिळाले, पण हल्ली कित्येक जण आपल्या मौल्यवान पार्सलात निष्पापपणे टॅग ठेवतात, त्यामुळे टपाल हाताळणाऱ्या माणसाला अशा सूचना येतच राहतात आणि तो त्या बाजूला सारायला शिकतो. दिवसभर खोटा भोंगा वाजणाऱ्या कारखान्यात आग लागली तरी कोणी उठत नाही, तशातला हा प्रकार आहे. जवानाच्या हाती पार्सल आल्यावर त्याला सूचना येईलही, पण तोपर्यंत टॅगने सांगायचे ते सांगून झालेले असते.

टाइलविषयी थोडक्यात. फेब्रुवारी २०२३ मध्ये या कंपनीने चोरीविरोधी पद्धत आणली. मालकाने आपली ओळख पटवून दिली आणि गैरवापर केल्यास दहा लाख डॉलर दंडाची अट मान्य केली, तर त्याचा टॅग इतरांच्या शोधाला सापडत नाही. चोराला सावध न करण्याचा हेतू समजण्यासारखा आहे, पण टपालाच्या खोलीच्या दृष्टीने हा पर्याय मला सरळसरळ गैरसोयीचा वाटतो. दंडाची अट मान्य करून टॅग पाठवणारा हेर पकडला जाण्याच्या भीतीने थांबेल, असे मानण्याइतका मी आशावादी नाही.

गूगलचे जाळे एप्रिल २०२४ मध्ये सुरू झाले आणि त्याची मूळ सेटिंग अधिक सावध आहे. वर्दळीच्या ठिकाणी अनेक अँड्रॉइड फोनांनी टॅग पाहिला तरच त्याचे स्थान मालकाला कळवले जाते, आणि फोनधारकाने नोंदवलेल्या घराच्या परिसरात त्याचा फोन माहिती पुरवत नाही. यामुळे हे टॅग हरवलेली वस्तू शोधण्यात मागे पडतात, अशी टीका अनेक परीक्षणांत झाली आणि ती योग्यही होती. सैनिकी टपालाच्या संदर्भात मात्र हीच उणीव थोडी जमेची बाजू होते, कारण चार माणसांच्या चौकीवर असा टॅग बहुधा गप्प राहील. पण मोठ्या छावणीत शेकडो फोन एकत्र असतात. अनेकांच्या गर्दीत एकाची ओळख लपावी म्हणून केलेली तरतूद, ज्या गर्दीचे स्थानच गुपित आहे तिच्या काही उपयोगाची नाही.

समुद्रावर परिस्थिती वेगळी आहे. पोलादी भिंतींच्या आत ब्लूटूथचा संकेत फार दूर जात नाही, आणि संकेत ऐकणाऱ्या फोनला इंटरनेट मिळाल्याशिवाय तो काही कळवू शकत नाही. त्यामुळे खोल समुद्रातील युद्धनौका टॅगच्या दृष्टीने बऱ्याच अंशी अंधारात असते. पण जहाज बंदराला लागते, खलाशांचे फोन किनाऱ्याच्या जाळ्यात येतात, आणि टपालही नेमके तेव्हाच चढते. फोनने टिपलेली नोंद जागच्या जागी पाठवावीच लागते असे नाही, ती जमवून नंतरही पाठवली जाते. आणि जहाजावर इंटरनेट नाही हे गृहीतकही नेहमी खरे नसते. अमेरिकी नौदलाच्या मँचेस्टर या जहाजावर २०२३ च्या तैनातीत काही वरिष्ठ खलाशांनी स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेची तबकडी लपवून बसवली होती आणि आपले खाजगी वायफाय चालवले होते. त्या जाळ्याचे नाव त्यांनी स्टिंकी असे ठेवले होते, हे विशेष. अशा जहाजावर आलेल्या पार्सलात टॅग असता, तर त्याला बोलायला वाट आयतीच मिळाली असती.

माझ्या मते खरा धोका हेराकडून कमी आणि घरच्यांकडून जास्त आहे. तैनातीवर असलेल्या मुलाला पाठवलेले पार्सल पोहोचले की नाही, याची काळजी कोणत्याही आईला असतेच, आणि एक छोटा टॅग आत टाकला की तिला ते घरबसल्या कळते. तिच्या फोनवर उमटलेले ठिकाण ती बहिणीला सांगते, नकाशाचे चित्र नातेवाइकांच्या गटात टाकते, आणि कोणताही वाईट हेतू नसताना तुकडीचे ठिकाण पसरते. टॅगच्या खोक्यावर किंवा जोडणीच्या पडद्यावर सैनिकी पत्त्यांविषयी सूचना असायला हवी होती, असे मला वाटते. चोरट्या पाठलागाविषयीचा इशारा ॲपल जोडणीच्या वेळीच दाखवते. तेथे आणखी एक ओळ घालणे कठीण नाही.

टपाल तपासणाऱ्यांना टॅग सापडू शकतो का, हा पुढचा प्रश्न. बाहेरच्या खुणेवर विसंबून राहता येत नाही, कारण उपकरणात बसवलेली बटणासारखी बॅटरी एवढेच पार्सलात असेल, तर हवाई वाहतुकीच्या नियमांनुसार त्यावर लिथियम बॅटरीचा शिक्का लावावा लागत नाही. क्ष-किरण यंत्रात मात्र चपटी बॅटरी गडद गोल ठिपक्यासारखी उठून दिसते. अडचण अशी की उघडले की गाणे वाजवणाऱ्या शुभेच्छापत्रातही बॅटरी, चिप आणि स्पीकर असा तसाच संच असतो, आणि सैनिकांच्या टपालात वाढदिवसाच्या पत्रांची काही कमी नसते. जिथे पार्सले यंत्रातून जातात पण साधी पाकिटे जात नाहीत, तिथे तर जाड शुभेच्छापत्र सरळ आत जाते.

क्ष-किरणापेक्षा स्वस्त आणि अनेकदा अधिक उपयोगी उपाय म्हणजे संकेत ऐकणे. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये अनोळखी ट्रॅकरसाठी हाताने शोध घेण्याची सोय आहे. बटण दाबल्यावर सुमारे दहा सेकंदांत आसपासच्या, मालकापासून दुरावलेल्या टॅगांची यादी येते आणि त्यांपैकी एकेकाला वाजवताही येते. जर्मनीतील डार्मस्टाट येथील तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी तयार केलेले एअरगार्ड हे मोफत ॲप पार्श्वभूमीवरही शोध घेत राहते. टॅग हाती लागल्यावर एनएफसी (अगदी जवळून माहिती वाचण्याची सोय) असलेला फोन त्याच्या पांढऱ्या बाजूला टेकवला की एक पान उघडते. त्यावर टॅगचा अनुक्रमांक आणि मालकाच्या फोन क्रमांकाचे शेवटचे चार अंक दिसतात, आणि कायदेशीर मागणी केल्यास ॲपल त्या अनुक्रमांकाशी जोडलेल्या खात्याची माहिती तपास यंत्रणेला देऊ शकते. घरच्यांनी ठेवलेला टॅग या चार अंकांवरून लगेच ओळखता येतो, हे या उत्पादनाचे मोठे श्रेय आहे आणि ते मोकळेपणाने द्यायला हवे.

मात्र ही तपासणी कुठे होते यावर सगळे अवलंबून आहे. तळावरच्या टपालखोलीत टॅग सापडणे म्हणजे उशीर झालेला असणे. तेथे बॅटरी काढली, तर पाठवणाऱ्याच्या नकाशावर शेवटचा ठिपका नेमका तळावर राहतो आणि मग अचानक शांतता पसरते, जी त्याला सगळ्यात बोलकी वाटेल. म्हणून शोध पहिल्या संकलन केंद्रात, पत्त्याचा सांकेतिक क्रमांक अजून खऱ्या ठिकाणात बदललेला नसताना व्हायला हवा. तेथून पुढे थैल्या धातूच्या बंद पेट्यांतून नेल्या तर वाटेतले ठिपकेही बरेच कमी होतात. तरीही तळावर सापडलाच, तर टॅग तत्काळ धातूच्या डब्यात बंद करून सुरक्षा अधिकाऱ्याकडे सोपवणे, हाच मला शहाणपणाचा मार्ग वाटतो. तो पुरावा आहे आणि त्यावरचा अनुक्रमांक कामाचा आहे.

येथवरचे सगळे प्रामाणिकपणे विकत घेतलेल्या टॅगविषयी झाले. घरी बनवलेल्या टॅगला यांपैकी एकही नियम लागू नाही. डार्मस्टाटच्याच संशोधकांनी २०२१ मध्ये ओपनहेस्टॅक नावाने दाखवून दिले की प्रयोगासाठी मिळणाऱ्या साध्या इलेक्ट्रॉनिक फळीवर स्वतःची किल्ली भरून ॲपलच्या जाळ्याचा वापर करता येतो. अशा फळीला ना अनुक्रमांक असतो ना स्पीकर. २०२२ मध्ये बर्लिनच्या पॉझिटिव्ह सिक्युरिटी या संस्थेने दोन हजार किल्ल्या आलटून पालटून वापरणारा टॅग तयार केला आणि एका आयफोनधारकाचा पाच दिवसांहून अधिक काळ माग काढला, तरी त्याला एकही सूचना आली नाही. कारण दर वेळी नवी किल्ली दिसली की फोनला तो दर वेळी वेगळाच टॅग वाटतो. दुकानातला एअरटॅग मालकापासून दूर असताना आपली ओळख दिवसातून एकदाच बदलतो, ते नेमके यासाठी की पाठलाग ओळखता यावा. तेव्हा ज्याला खरोखर घात करायचा आहे, त्याच्यापुढे कंपन्यांचे इशारे फारसे टिकत नाहीत. ते टिकतात ते निष्काळजी माणसापुढे आणि हौशी पाठलाग करणाऱ्यापुढे.

शेवटचा उपाय फोनच्या बाजूचा. आयफोनवर फाइंड माय नेटवर्कचा (ॲपलच्या शोध-जाळ्याचा) पर्याय आणि अँड्रॉइडवर त्याच्या शोध-जाळ्याचा पर्याय बंद करता येतो, म्हणजे तो फोन इतरांच्या टॅगांची नोंद पुरवत नाही. मोहिमेच्या क्षेत्रात हा नियम सर्वांना लागू झाला तर टॅगचे कानच बंद होतात. पण एका छावणीत हजार फोन असतील, तर एक विसरलेला फोनही पुरेसा असतो, आणि भेटीला आलेला कंत्राटदार किंवा ट्रकचालक तर सैन्याच्या नियमांत येतच नाही. ब्लूटूथ पूर्णपणे बंद करण्याचा आदेश दिला, तर अनोळखी टॅगची सूचना देणारी वाटही त्याच क्षणी बंद होते. हा पेच मला कोणत्याही उत्पादकाने सोडवलेला दिसत नाही, आणि नियमावलीच्या पुढच्या आवृत्त्यांत त्याचा विचार व्हायला हवा. १ जानेवारी २०२३ रोजी पूर्व युक्रेनमधील रशियाव्याप्त माकीव्हका येथे झालेल्या युक्रेनच्या हल्ल्यात आपले ८९ सैनिक ठार झाल्याचे रशियाने मान्य केले आणि त्याचा दोष जवानांच्या मोबाइल वापराला दिला. तो दोष कितपत खरा यावर मतभेद आहेत, अधिकाऱ्यांनी एवढी माणसे एकाच इमारतीत का ठेवली हा प्रश्न त्याहून टोकदार आहे. पण फोनचे संकेत एकवटले की काय किंमत मोजावी लागू शकते, याची चर्चा त्या दिवसानंतर कोणत्याच सैन्यात थांबलेली नाही.

गुण द्यायचेच तर असे देईन. प्रवासाच्या बॅगेसाठी एअरटॅगला पाचपैकी साडेचार आणि स्मार्टटॅग २ ला चार, कारण तो सॅमसंगच्याच फोनांवर विसंबून आहे. गूगलच्या जाळ्यावरील टॅगांना शोधण्यात तीन, पण सावध मूळ सेटिंगसाठी शाबासकी वेगळी. टाइलला साडेतीन, आणि चोरीविरोधी पद्धतीसाठी त्यातून एक वजा. सैनिकी टपालात स्वतःला आवरण्याच्या क्षमतेबद्दल मात्र यांपैकी कोणालाही पाचपैकी एकाहून अधिक देता येत नाही, आणि तो एकही मुख्यतः एनएफसीवर दिसणाऱ्या अनुक्रमांकासाठी आहे. तैनातीवरच्या माणसाला पार्सल पाठवणाऱ्यांसाठी टपालखात्याचा नोंदणी क्रमांक पुरेसा आहे : पार्सल सैनिकी टपालाच्या हाती सोपवले गेले एवढे तो सांगतो, पुढचे ठिकाण सांगत नाही. टॅग आधीच आत गेला असेल, तर तुकडीच्या संपर्क कार्यालयाला तसे लगेच कळवावे, आणि नकाशाचे चित्र कोणालाही पाठवू नये.